एक नंबरची चावी

१

अपेक्षा नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला, नीलाबाईंना, चार वर्षांत उमगलं नव्हतं. अपेक्षानेही दर वेळी वेगळंच काहीतरी सांगून त्यात भर घातली होती. शेवटी यंदा दिवाळीत नेकनूरच्या घरी करंज्या भरताना तिने एकदाचं नीट सांगितलं. सबस्टेशन एका भाषेत बोलतं. पाण्याच्या पंपावर एक यंत्र असतं, त्याला दुसरीच भाषा कळते. मध्ये एक दुभाषी डबी बसवायची. त्या यंत्राच्या मेमरीत ओळीने घरं असतात. एक, दोन, तीन, चार. सबस्टेशनकडून आलेला कुठला निरोप कोणत्या घरात टाकायचा, याची यादी करून डबीत भरायची, हे अपेक्षाचं काम.

"म्हणजे पोस्टमन," नीलाबाई म्हणाल्या.

"पोस्टमनला पत्ते लिहून देणारी. पत्ता चुकला तर यंत्राला काही कळत न्हाई, आई. ज्या घरात जे पडलं, तेच ते खरं धरून चालतं."

"मग चुकू नको म्हणजे झालं," असं म्हणून नीलाबाईंनी तिच्यापुढे आणखी चार पाऱ्या सरकवल्या.

दिवाळी आटोपून अपेक्षा शिरूर कासारजवळच्या माळावर आली. तिथल्या छोट्या सबस्टेशनमधून अकरा गावांच्या पाणीयोजनेसाठी वेगळी लाईन ओढली होती. टाकीतलं पाणी खाली गेलं की पंपावरचं यंत्र सबस्टेशनला निरोप धाडणार, इथला ब्रेकर, म्हणजे लाईनचं मोठं बटण, आपोआप लागणार, लाईन चालू होणार, पंप फिरणार. मध्ये माणसाची गरज नाही. कंपनीचे विजयसिंह सर बीडच्या ऑफिसात बसून हे वाक्य येईल त्याला ऐकवत. माणूस ही जगातली सगळ्यात मोठी अडचण आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

पण माणूस होताच. लाईन म्हटली की तिच्यावर चढणारा कोणीतरी लागतो, आणि या लाईनवर चढणाऱ्या सहा जणांत एक रुद्रेश होता, अपेक्षाचा धाकटा भाऊ. तिनेच सरांना गळ घालून त्याला इथे चिकटवलं होतं. आई नको म्हणत होती. "काही होत नाही, मी आहे ना तिथं," असं अपेक्षा तेव्हा बोलून गेली होती. शिरूरमध्ये दोघांनी एक खोली घेतली होती, आणि रोज सकाळी ती त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून माळावर यायची.

२

लाईनवर माणूस असताना ती चालू होऊ नये म्हणून कंट्रोल रूमच्या भिंतीवर एक लोखंडी पेटी बसवली होती. आठ भोकं, आठ चाव्या. लाईनमनने जाताना आपली चावी काढून खिशात टाकायची, कामावरून आल्यावर परत लावायची. चावी बाहेर असेपर्यंत त्या भोकाचा निरोप यंत्राच्या त्याच नंबरच्या घरात पडून राहायचा: माणूस कामावर. एका जरी घरात हा निरोप असला तरी यंत्र लाईन चालू करणार नव्हतं.

याआधी तिथे चावीच्या जागी गमजा चालायचा, लाईनमनच्या खांद्यावरचा पंचा. यार्डात लाईनच्या तोंडाशी एबी स्विच असतो; वर तारांमध्ये पाती, आणि ती उघडायला खाली माणसाच्या हाताला येईल असा लोखंडी दांडा. लाईनमन दांडा ओढून लाईन तोडायचा, दांड्याला स्वतःचा गमजा बांधायचा आणि कामाला जायचा. ज्याने बांधला त्यानेच परत येऊन सोडायचा. मोठा साहेब आला तरी दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. विजयसिंह सरांनी आल्या दिवशी हे बंद केलं. "आता चावी आहे. दांडा कायम लागलेला राहील, कुणी ओढायचा नाही. कपडे वाळत घालायचे ते घरी घाला," असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. लाईनमननी गमजे खांद्यावर टाकले. ऑपरेटर बद्रीनाथ तेवढे उठून बाहेर गेले.

बद्रीनाथांना सगळे नाना म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी याच खोलीत काढली होती आणि फाल्गुनात ते निवृत्त होणार होते. ब्रेकर लागल्याचा आवाज झोपेत ऐकला तरी कोणता फीडर, म्हणजे कोणती लाईन, ते सांगत.

चाव्या वाटायच्या दिवशी अपेक्षाने एक नंबरची चावी रुद्रेशपुढे धरली. बाकीचे पाच जण एकदम जमिनीकडे बघायला लागले. रुद्रेशचा हात पुढे आला होता, तेवढ्यात नानांनी ती चावी मधल्या मध्ये घेतली.

"दोनपासून द्या, मॅडम."

"कावून, नाना?"

"चाव्या आठ हायती, मानसं सहा. एक मागं राहिली तर काय बिघडतंय?"

न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं. रुद्रेशला दोन नंबर मिळाला, शेवटच्याला सात. आठवी चावी नानांनी तशीच भोकात राहू दिली. एक नंबरची मात्र कंपनीच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, वरून चिकटपट्टी लावून टेबलाच्या खणात ठेवली, आणि पहिल्या भोकावर पत्र्याची पट्टी ठेवून दोन स्क्रू आवळले. ते आवळताना त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, एवढं अपेक्षाला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं.

३

पहिल्यांदा झालं ते एका सोमवारी, सकाळी.

दहा वीसला रुद्रेशने चावी काढली. अपेक्षापुढच्या स्क्रीनवर दोनचा दिवा लाल झाला, ते बरोबरच होतं. नऊ मिनिटांनी एकचा दिवाही लाल झाला.

अपेक्षाने मान वर केली. पेटी समोरच होती. पट्टी जागेवर, स्क्रू जागेवर. नाना खुर्चीत पेपर वाचत होते. बाहेर यार्डातल्या खडीवर पावलं वाजली, फाटकाच्या दिशेने गेली आणि थांबली. यार्डात खडी अंथरलेली असते, तिच्यावरून मांजर गेलं तरी कळतं.

तिला भीती वगैरे वाटली नाही. उलट चूक सापडली की वाटतो तसा हुरूप वाटला. या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक म्हणजे मोजणीची. डबी बनवणारे घरं शून्यापासून मोजतात, यंत्र बनवणारे एकपासून, आणि मग सगळेच निरोप शेजारच्या घरात जाऊन बसतात. तिने यादी तपासली. यादी चोख होती. मग तिला वाटलं, एखादी मोकळी वायर लोंबत असेल. सबस्टेशनात मोकळ्या वायरीत शेजारची वीज उतरते, अगदी नेहमीची गोष्ट. तिने पेटी उघडली. पहिल्या भोकाला वायरच नव्हती. वायर जिथे यायला हवी तिथे नुसता कोरडा स्क्रू होता, त्याच्यावर धूळ बसली होती. तिने त्या स्क्रूवर काळी टेप गुंडाळली आणि हात झटकले.

बारा चाळीसला खडी वाजली. एकचा दिवा हिरवा झाला. चार मिनिटांनी रुद्रेश आत आला आणि त्याने दोनची चावी लावली.

मंगळवारी तसंच झालं. बुधवारी सगळ्यांच्या चाव्या परत आल्या तरी एकचा दिवा अर्धा तास लालच राहिला, त्यामुळे यंत्राने लाईन चालू केली नाही, पंपाची चाचणी रखडली आणि विजयसिंह सर फोनवर तिला जे बोलले ते नानांना ऐकू जाऊ नये म्हणून तिने फोन कानाशी घट्ट धरला. भोकावर पट्टी आहे, चावी खणात आहे, वायर नाही. कोणाही शहाण्या माणसाने केलं असतं तेच तिने केलं. यंत्राला सांगितलं, पहिल्या घराकडे बघू नकोस, दोन ते सातच तपास. पंप फिरला. स्क्रीनवरचा एकचा दिवा मात्र आपल्या मर्जीने लाल-हिरवा होत राहिला.

४

अपेक्षाला घरी जाऊन झोप लागेना आणि इथे येऊन बसवेना. ती वहीत वेळा टिपू लागली. टिपल्यावर जे दिसलं ते न टिपताच बरं होतं, असं तिला वाटलं. एक नंबर कधीच पहिला जात नसे. कोणीतरी चावी काढून गेलं की पाच-दहा मिनिटांनी त्याच्या पाठोपाठ जायचा, आणि बहुतेक वेळा त्या माणसाच्या जरासा आधी यायचा. कोणीच लाईनवर गेलं नाही अशा दिवशी तोही हलत नसे.

खडीवरची पावलं कोणाची असतील, याचा विचार तिने व्यवस्थित केला. गावातलं कोणी म्हणावं, तर शिरूरची निम्मी घरं कुलपं लावून ऊसतोडीला गेली होती. रस्त्यावरून दिवसाकाठी दोन एसट्या जायच्या. गुरं म्हणावीत तर तारेचं कुंपण होतं. दोनदा ती आवाज ऐकून दारापर्यंत धावली. यार्डात ऊन पडलेलं, ट्रान्सफॉर्मर घुमतोय, खडी जिथल्या तिथे.

एका दुपारी रुद्रेश भाकरी मोडता मोडता सहज म्हणाला, "ताई, माज्या मागं मानूस कावून धाडतीस गं? मी काय नवा हाय का आता?"

"कुणाला धाडलं?"

"मला काय म्हाईत. वर असलो की खांब हलतो. दुसरा मानूस चढाया लागला की हलतो ना, तसा. आर्ध्यात येऊन थांबतो. मला वाटलं नाना हायती."

"खाली बघितलं न्हाई का तू?"

"वर असल्यावर खाली बघत न्हाईत," रुद्रेश म्हणाला आणि त्याने चटणी मागितली.

नाना तेव्हा घरून आणलेलं ताक पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला नाही आणि घोटही घेतला नाही.

रुद्रेश गेल्यावर अपेक्षाने टेबलाचा खण ओढला. पाकीट होतं, चिकटपट्टी जशीच्या तशी होती. आत चावी दिसत होती. पेटीतल्या बाकीच्या चाव्या महिनाभर खिशात घासून आता कुठे जरा गुळगुळीत झाल्या होत्या. ही त्यांच्याहून गुळगुळीत होती, कडा बोथट झालेल्या, आणि प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला चुन्याचं बोट पुसल्यासारखा पांढरा डाग होता. कारखान्यातच कोणाचा तरी तंबाखूचा हात लागला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. तिला ते पटलं नाही.

"नाना, हे कोण हाय?"

नानांनी खण हळूच आत लोटला. "त्येचा तरास न्हाई, मॅडम. त्येला जाऊ द्यावं, येऊ द्यावं. आपन मोजायचं न्हाई."

५

शुक्रवारी तपासणीला मोठे साहेब येणार होते. गुरुवारी सकाळी विजयसिंह सरांचा फोन आला.

"तो लाल दिवा साहेबांनी पाहिला तर काय सांगणार तुम्ही? भूत?"

"शोधतेय, सर."

"शोधू नका. ती ओळच उडवा यादीतून."

त्या दिवशी नारायणगडावर कोणाच्या तरी नवसाचं जेवण होतं आणि पाच लाईनमन तिकडे गेले होते. त्यांच्या पाचही चाव्या पेटीत होत्या. एकट्या रुद्रेशला तिसऱ्या किलोमीटरवरच्या खांबावर फुटलेली चिमणी, म्हणजे तार धरणारी चिनीमातीची वाटी, बदलायची होती. एकट्याने चढू नये असा नियम आहे. तो तिथे कोणी पाळत नव्हतं, अपेक्षाही नाही.

साडेदहाच्या पुढे कधीतरी यार्डात खडी वाजली आणि मग लोखंडावर लोखंड घासल्याचा एक लांब करकरता आवाज आला. अपेक्षा सरांचा मेल वाचत होती. रुद्रेश शिडी काढत असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. थोड्या वेळाने रुद्रेश दारातून आत आला, चावी काढली, "येतो गं ताई" म्हणाला आणि गेला.

मग तिने यादी उघडली. पहिली ओळ निवडली आणि पुसली.

एरवी ती मधली ओळ कधीच पुसत नसे. नको असलेल्या ओळीत "राखीव" असं लिहायचं आणि ती जागेवर राहू द्यायची, हे तिने स्वतः नव्या पोरांना शिकवलं होतं. कारण ओळ पुसली की खालच्या सगळ्या ओळी एक घर वर सरकतात. हे तिला माहीत होतं. पण आठवडाभर त्या दिव्याने तिचं डोकं खाल्लं होतं आणि तिला तो नुसता बंद करायचा नव्हता, तो कधी नव्हताच असं करायचं होतं. तिने यादी डबीत भरली. स्क्रीनवरून एकचा दिवाही काढून टाकला. उरलेले सगळे दिवे हिरवे झाले. किती दिवसांनी तिला मोकळा श्वास आला. दोनचा दिवाही हिरवा आहे हे तिला दिसलं, पण तो हिरवा असता कामा नये, हे सुचलं नाही.

रुद्रेशचा निरोप आता दोनऐवजी पहिल्या घरात जाऊन पडला होता. त्या घराकडे बघू नकोस, असं तिनेच यंत्राला बजावलं होतं.

अकरा वाजून सहा मिनिटांनी अकरा गावांची टाकी उतरली आणि शेजारच्या खोलीत ब्रेकर खाडकन लागला.

"पान्याचा फीडर," नाना पेपरातून मान वर न करता म्हणाले, आणि मग त्यांनी पेपर खाली टाकला.

अपेक्षाने भिंतीवरच्या पेटीकडे पाहिलं. दोन नंबरचं भोक रिकामं होतं. ते तिथे सगळा वेळ रिकामंच होतं. तिला सगळं एका क्षणात कळलं, कोणती ओळ कुठे गेली ते आणि घरी जाऊन आईला काय सांगायचं तेही. तिने धावत जाऊन बंद करायचं लाल बटण दाबलं. ब्रेकर परत खाडकन सुटला. मध्ये चार सेकंद गेले होते. चार सेकंद पुष्कळ होतात.

६

तिने फोन लावला. वाजला, वाजत राहिला, थांबला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तिने भलतंच नाव दाबलं, ते कापून पुन्हा लावला, लावत राहिली. तोंडाने ती काहीतरी बोलत होती, देवाचं नाव होतं की रुद्रेशचं हे तिला नंतर सांगता आलं नाही.

"पोरी," नाना म्हणाले. आजवर त्यांनी तिला मॅडमशिवाय हाक मारली नव्हती. "मीटरच्या काट्याकडं बघितलं न्हाईस तू. ब्रेकर लागला तवा काटा हलला न्हाई."

"म्हंजे?"

"लाईनीत वीज गेलीच न्हाई."

ती यार्डात धावली. एबी स्विचचा दांडा खाली ओढलेला होता. वर पाती उघडी होती. ब्रेकर लागला तरी वीज या खांबाशी येऊन थांबली असणार, एक वीतभरही पुढे गेली नसणार. आणि दांड्याला गमजा बांधलेला होता.

रुद्रेशचा गमजा हिरवा, नवा. हा लाल चौकडीचा होता, उन्हाने जागोजाग विटलेला, पण घामाने ओला. गाठ डाव्या हाताने मारलेली होती. अपेक्षाने हात पुढे केला आणि का कोण जाणे, मागे घेतला.

फोन वाजला.

"ताई, सा वेळा कावून फोन केलास? वर व्हतो, उचलू कसा?"

अपेक्षा खडीवर बसली. तिला रडू आलं आणि ती ते आवरायला गेली नाही.

"काय झालं? आई बरी हाय ना?"

"बरी हाय. तू उतर. खांबाला परत हात लावू नको, आधी इकडं ये."

"उतरलो की. त्यो पोचला का तिकडं?"

"कोण?"

"तू धाडलेला गडी. आज मी जायच्या आधीच चढून बसलेला. मी चिमणी बसवून होस्तोवर शेजारी व्हता. शब्द बोलला न्हाई. ऊन डोळ्यावर व्हतं, मला नीट दिसला न्हाई. बूट तेवढे बघितले, लई जुने."

७

रुद्रेश आला, त्याने दोनची चावी लावली, पाणी प्याला. अपेक्षाने त्याचा दंड दोनदा चाचपून पाहिला तेव्हा तो लाजला. तिने जुनी यादी डबीत परत भरली होती. पहिली ओळ तिच्या दिव्यासकट पुन्हा आली होती आणि दिवा लाल होता.

फोन वाजायला लागले. गावं पाण्याची वाट बघत होती. विजयसिंह सर तपासणीची वाट बघत होते. दांडा लावल्याशिवाय लाईन चालू होणार नव्हती.

"एवढंच ना? मी सोडतो गमजा," म्हणून रुद्रेश उठला. नाना दारात आडवे आले.

"तुजा हाय का?"

"न्हाई."

"मग बस."

"आवं नाना, ज्येचा हाय त्यो कधी येनार?"

नाना भिंतीकडे बघत म्हणाले, "मी सोडला व्हता. दुसऱ्याचा. घाई व्हती, साहेब वरडत व्हता, मला वाटलं मानूस आला आसंल. एकदाच सोडला. एक नंबरचा गडी वरच व्हता." एवढंच. रुद्रेश खाली बसला.

नानांनी दार लोटून घेतलं. पंखा बंद केला. तिघं बाकावर बसून राहिली, भर दुपारी, खोलीत ट्रान्सफॉर्मरची घुमघुम तेवढी येत होती. अपेक्षाला सारखं उठावंसं वाटत होतं. आपण तीन शहाणी माणसं दार लावून कोणाची वाट बघतोय, हे ती स्वतःला विचारत होती, आणि दुसरं काहीही करायची तिची छाती नव्हती.

बारा चाळीसला खडी वाजली. पावलं फाटकाकडून आली, सावकाश, काम करून दमलेल्या माणसाच्या चालीने. नानांनी डोळे मिटले आणि हात जोडले.

यार्डाकडच्या खिडकीच्या काचा खालून रंगवलेल्या होत्या. एका कोपऱ्यात रंग खरवडून रुपयाएवढी जागा मोकळी झाली होती आणि अपेक्षा नेमकी तिच्यासमोर बसली होती. बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तरी तिला दिसलं. पाठमोरी मान, खाकी कॉलर, आणि गमजा खांद्यावर टाकण्याआधी धूळ काढायला दिलेला एक झटका. त्या झटक्याचा आवाजही तिने ऐकला. मग लोखंड करकरलं. दांडा वर गेला.

एकचा दिवा हिरवा झाला.

थोड्या वेळाने पंपावरच्या यंत्राने निरोप धाडला, ब्रेकर लागला आणि या वेळी काटा हलला. नाना तोंड धुवायला बाहेर गेले ते बराच वेळ आले नाहीत. अपेक्षाने सकाळच्या नोंदी उघडल्या. एक नंबर दहा एकेचाळीसला गेला होता. रुद्रेश दहा त्रेचाळीसला. तिने ओळ पुसली ती दहा अठ्ठावन्नला.

तिने तीनदा वाचलं. जो कधी पहिला गेला नव्हता तो त्या दिवशी पहिला गेला होता, तिची चूक व्हायच्या सतरा मिनिटं आधी.

८

तपासणी पार पडली. मोठ्या साहेबांनी चहा घेतला आणि दिव्यांकडे पाहिलंही नाही. अपेक्षाने यंत्राला पहिल्या घराकडे पुन्हा बघायला लावलं. यादीत प्रत्येक ओळीला नाव द्यावं लागतं. सर म्हणाले, "राखीव लिहा." तिने लिहिलं, "माणूस कामावर."

"कोण माणूस?" सरांनी विचारलं.

"नानांना विचारा," ती म्हणाली. सरांनी विचारलं नाही.

त्याला आता दोन महिने झाले. एक नंबर जातो, येतो. कोणी चावी काढली की पाठोपाठ जातो, आणि तो गेलेला दिसला की अपेक्षाला बरं वाटतं. पाण्याला कधी अर्धा तास उशीर होतो, सर ओरडतात, ती ऐकून घेते. नानांचे पंधरा दिवस उरलेत. ते तिला ब्रेकरचे आवाज शिकवतात.

आज सकाळी दहाला पाच कमी असताना ती स्क्रीनपुढे बसली. यादीत एक छोटीशी दुरुस्ती करायची होती, दोन मिनिटांचं काम. सहाही लाईनमन खोलीत होते. रुद्रेश कोणाशी तरी हसत हसत पेटीकडे गेला आणि त्याने दोन नंबरकडे हात नेला.

दोन ते सात सगळे हिरवे होते. एक लाल होता.

"रुद्रेश, आज नको."

"कावून?"

"तो आधी गेलाय."

रुद्रेशचा हात हवेत राहिला. मग त्याने तो खाली घेतला आणि बाकावर जाऊन बसला. बाकीचेही एकेक करत बसले. नानांनी पेपराची घडी घातली. बाहेर यार्डात लोखंड करकरल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला आणि कोणीही खिडकीकडे पाहिलं नाही.

आज कोणाची तरी चूक होणार होती. अजून झाली नव्हती. अपेक्षाने समोरच्या उघड्या यादीकडे पाहिलं, कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि सरांचा फोन वाजत होता तो वाजू दिला.